मदत हवी आहे: पावभाजी, वडे आणि हजाराच्या आतली वाइन

धागाकर्ता

मंडळी,

येत्या शनिवारी घरी आठ जण जेवायला आहोत. सगळे कॉलेजपासूनचे, त्यामुळे थाटमाट नाही. कोथिंबीर वडी, बटाटेवडे आणि मग पावभाजी. एक मित्र येताना बोंबील आणणार आहे, रवा लावून आमच्याच गॅसवर तळणार. प्यायला या वेळी वाइन, असं मी ग्रूपवर फुशारकीने जाहीर करून बसलोय आणि आता घाम फुटलाय.

कारण मे महिन्यातला प्रयोग. दुकानाच्या काचेत उभी असलेली एक शिराझ-कॅबर्ने आणली. रेड वाइन 'रूम टेंपरेचर'ला द्यायची एवढं कुठेतरी वाचलं होतं. कोथरूडमधल्या आमच्या हॉलचं मे महिन्यातलं रूम टेंपरेचर किती असतं ते तुम्हाला माहीत आहे. सोबत मिसळ, तर्री वेगळी. दुसऱ्या घोटाला एकाचे कान लाल, तिसऱ्याला बायकोने विचारलं, "काढा केलाय का हा?" पंधरा मिनिटांत सगळे बिअरवर.

बाटली हजाराच्या आत हवी, एकूण साडेतीन-चार हजार. पिणारे सहा, उरलेल्या दोघांना कोकम सरबत. वाइनचे ग्लास चारच आहेत. काय आणू, किती आणू? जाणकारांनी प्रकाश टाकावा. आगाऊ धन्यवाद.

निफाडकर

मे महिन्यात वाइनची चूक कमी, जोडी लावणाऱ्याची जास्त. तिखटाने तोंडातली जी आग ओळखणारी जाणीव जागी होते, तीच अल्कोहोलनेही होते. म्हणजे तर्रीवर शिराझ हे आगीत तेल. वर रेडमधलं टॅनिन, तोंड कोरडं करणारं, कच्च्या सुपारीसारखं. तिखटासोबत ते अजूनच तुरट लागतं. त्यात बाटली कोमट. कान लाल व्हायचेच.

तिखट जेवण असेल तर अल्कोहोल बेताचं, टॅनिन जवळपास नाही, किंचित गोडसर आणि गार, असं काहीतरी शोधा. आमच्या नाशिककडची चेनिन ब्लां ही व्हाइट वाइन यात बरोबर बसते. सुला कंपनीची कुठल्याही दुकानात मिळते, हलकी गोडसर असते, पावभाजीला ती चालेल. कोथिंबीर वडीला सॉव्हिन्यो ब्लां घ्या, तीही व्हाइटच. तिला स्वतःचाच एक हिरवट, कापलेल्या मिरचीसारखा वास असतो, कोथिंबिरीशी छान जमतं. आंबटही असते, त्यामुळे तळणीचं तेल जिभेवर राहत नाही.

बाटलीवर साल बघा. आपल्याकडे तोडणी साधारण जानेवारी ते मार्च. या किमतीतली व्हाइट मुरवायची नसते, सर्वांत ताजी उचला. आणि उन्हातल्या शोकेसमधली बाटली कितीही स्वस्त दिली तरी घेऊ नका.

झणझणीत

वाइनवर एवढा खल? ओल्ड मंक आणा, विषय संपवा.

आजीचा अडकित्ता

झणझणीत, तुमचा प्रतिसाद दर धाग्यावर हाच असतो.

धागाकर्ते, वाइन बदलता तशी भाजीही थोडी बदला. पावभाजीत काश्मिरी किंवा बेडगी मिरची घाला, रंग येतो आणि जाळ कमी. ज्यांना हवं त्यांना लसणाची चटणी वाटीत बाजूला. लोण्यात हात आखडू नका, तिखट त्यानेही बसतं. आमच्याकडे पावभाजीला झिनफांडेल रोझे असते. गुलाबी रंग बघून पुरुषमंडळी नाकं मुरडतात आणि पहिली तीच बाटली संपवतात. मिसळीचं म्हणाल तर मिसळीबरोबर ताकच. त्यावर वाइन शोधणं हा वेळेचा अपव्यय आहे.

ग्लासांचं टेन्शन घेऊ नका. पाणी प्यायचे साधे काचेचे ग्लास चालतात. स्टीलचे तेवढे नकोत, वाइन दिसली पाहिजे.

ऱ्हाईनकाठी

इथे जर्मनीत पाच युरोची सुपरमार्केटमधली रीसलिंग ही व्हाइट वाइन आणि घरचे बटाटेवडे हा आमचा नेहमीचा बेत. लेबलावर 'हाल्बट्रॉकन' म्हणजे अर्धी कोरडी, थोडा गोडवा राखलेली असेल ती घ्यायची. 'ट्रॉकन' म्हणजे पूर्ण कोरडी, बिनगोड घेतली की सुक्या लसणाच्या चटणीसमोर फारच कडक लागते.

दुसरं, उन्हाळ्यात इथे वाइनमध्ये सरळ सोडा घालून पितात, त्याला शोर्ले म्हणतात. कुणी नाक मुरडत नाही. वाइन फारच कोरडी निघाली तर तोही मार्ग आहे.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. दोन शंका. एक मित्र रेडशिवाय वाइनला वाइनच मानत नाही, त्याचं काय करू? आणि फ्रिज तर पिठाचे डबे आणि भाज्यांनी भरलेला असणार, बाटल्या गार कुठे करू?

निफाडकर

रेडच हवी तर अकलूजजवळच्या फ्रातेल्ली वायनरीची सांजोवेझे बघा. मूळ इटलीतलं द्राक्ष, आंबटपणा चांगला, त्यामुळे पावभाजीतल्या टोमॅटोशी पटतं. पण तीही अर्धा तास गार करून द्या. 'रूम टेंपरेचर' म्हणजे युरोपातली जुनी थंड खोली, १६-१८ अंशांची. आपला हॉल नव्हे.

आणि त्या मित्राला बोंबील खाताना रेड देऊ नका. वाइनमधलं लोह आणि मासळी यांचं जमत नाही, तोंडात गंजका खिळा धरल्यासारखं वाटतं. बोंबलावर लिंबू पिळा आणि सॉव्हिन्योच द्या.

हिशोब: ७५० मिलीच्या बाटलीत १५० मिलीचे पाच ग्लास. सहा जणांना तीन-तीन धरले तर अठरा. चार बाटल्या पुरतात.

गार करायला घरात घंगाळ किंवा मोठं पातेलं असेल ना? बर्फ, बुडेल इतकं पाणी आणि मूठभर जाडं मीठ. नुसत्या बर्फात हवेच्या फटी राहतात, पाणी बाटलीला सगळीकडून चिकटतं. वीस मिनिटांत काम होतं.

आजीचा अडकित्ता

वृत्तांत टाका हो! नुसते सल्ले घेऊन पसार होणारे फार झालेत.

धागाकर्ता

वृत्तांत. दोन चेनिन, एक सॉव्हिन्यो, एक सांजोवेझे आणली. आजीचं पितळी घंगाळ माळ्यावरून काढून चिंचेने घासलं, बाल्कनीत ठेवलं. मीठ घालताना सासूबाई म्हणाल्या, "लोणचं घालतोयस का?"

कोथिंबीर वडी आणि सॉव्हिन्यो: निफाडकर, साष्टांग. पहिला घोट घेतल्यावर टेबलावर जरा शांतता झाली, मग तीन हात एकदम ताटाकडे. ती बाटली बोंबील तळून होईपर्यंत टिकलीच नाही. पुढच्या वेळी दोन. वड्यांसोबत चेनिन ठीक, पण लसणाची चटणी लावलेल्या वड्याबरोबर जास्त चांगली, हे उलटं वाटलं तरी खरं आहे. बेडगी मिरचीने पावभाजीचा रंग असा आला की तिखट कमी आहे हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

रेडवाल्या मित्राने सल्ला धुडकावून बोंबलाबरोबर सांजोवेझेच घेतली. तोंड वाकडं केलं, पण कबूल नाही केलं. पावभाजीला मात्र त्याने दोनदा ग्लास भरून घेतला. अर्धी बाटली उरलीय, झाकण लावून फ्रिजमध्ये आडवी ठेवली आहे. किती दिवस चालेल?

निफाडकर

आधी उभी करा, आडवी ठेवल्याने आत हवा जास्त पृष्ठभागाला लागते. तीन-चार दिवस. त्यानंतर मटणात घाला.