प्रतिसाद: पॅलाडिन आणि असॅसिन एका पार्टीत

वर एका भावानं लिहिलंय की डी अँड डी मध्ये (डंजन्स अँड ड्रॅगन्स, कॅरेक्टर घेऊन गोष्ट खेळायचा गेम) पार्टीतली, म्हंजे कॅरेक्टरांच्या टोळीतली, भांडणं खेळाडूंच्या स्वभावामुळं होत्यात, क्लासचा, म्हंजे कॅरेक्टरच्या पेशाचा, काय संबंध. अर्धं पटलं. पण १९७८ चं अ‍ॅडव्हान्स्ड डी अँड डी चं प्लेयर्स हँडबुक काढून बघ की, त्यात पॅलाडिन (धर्मयोद्धा) लॉफुल गुडच, म्हंजे नियमानं चालणारा भलाच पाहिजे आणि त्याला इव्हिल लोकांची संगत चालत नाही, आणि त्याच पुस्तकात असॅसिन (मारेकरी) आहे जो इव्हिलच असायला लागतोय, म्हंजे दोन पोरांनी आपापल्या आवडीचं कॅरेक्टर केलं की पहिल्याच सेशनला राडा ठरलेला, ह्यात पोरांचा काय दोष? त्यात पॅलाडिननं मुद्दाम वाईट काम केलं की ताकद कायमची गेली, म्हणून तो बिचारा सगळ्यांवर हवालदारकी करत बसतोय. २०१४ च्या पाचव्या एडिशनला अलाइनमेंटची (गुड का इव्हिल ह्याची) सक्ती गेली, पॅलाडिनची शपथ तेवढी राहिली, ते लई बरं झालं. रोगचं, म्हंजे चोर क्लासचं, दुखणं मात्र तसंच आहे, खिसा कापायचं स्किल हातात दिलं की पहिला खिसा शेजारच्या विझर्डचाच (जादूगाराचाच). आमच्या राजारामपुरीतल्या ग्रुपात डीएम (गेम चालवणारा) सुरुवातीलाच सांगतोय, एकमेकांचं सोनं ढापायचं नाही, ज्याला ढापायचंय त्यानं मिसळीचं बिल द्यायचं.