विंटर फ्युएल पेमेंट: कापलं ते फक्त श्रीमंतांचं नव्हतं

काही जण म्हणतात की ब्रिटनमधल्या पैसेवाल्या म्हाताऱ्यांना सरकारने हिवाळ्यातल्या हीटिंगचे पैसे, म्हणजे विंटर फ्युएल पेमेंट, द्यायचेच कशाला. तेवढं मलाही पटतं, पण 2024 मध्ये अर्थमंत्री रेचेल रीव्ह्ज यांनी जे कापलं ते फक्त पैसेवाल्यांचं नव्हतं हो. हे 200-300 पौंड मुख्यतः पेन्शन क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या पेन्शनरांना मिळणारी सरकारी मदत) घेणाऱ्यांनाच ठेवले आणि त्याची उत्पन्न-मर्यादा तेव्हा एकट्या माणसाला आठवड्याला साधारण 218 पौंड होती, तर नवीन पूर्ण स्टेट पेन्शन (सरकारी पेन्शन) 221! म्हणजे त्या पेन्शनशिवाय दुसरी दमडी नसलेला माणूससुद्धा बऱ्याचदा तीन पौंडांसाठी बाहेर.

आणि जे त्या मर्यादेत बसत होते त्यातल्या कितीतरी जणांनी क्रेडिटचा अर्जच केलेला नसतो, फॉर्म लांबलचक, शिवाय मागायचा संकोच. आमच्या शेजारच्या आजी ऐंशीच्या पुढच्या, त्या हिवाळ्यात घरातच कोट घालून किचनमध्ये बसायच्या, बाकी खोल्यांचे रेडिएटर बंद, मीटरच्या डिस्प्लेवर आकडा जरा वाढला की हीटिंग ऑफ. अर्ज भरून देते म्हटलं तर म्हणायच्या, माझ्यापेक्षा गरजू लोक आहेत. खूप राग यायचा, त्यांचा नाही, हा नियम करणाऱ्यांचा.

जून 2025 मध्ये सरकारने माघार घेतली, आता वर्षाचं उत्पन्न 35,000 पौंडांच्या वर असेल तर टॅक्समधून परत घेतात, बाकीच्यांना मिळतं. हे पहिल्याच वर्षी का नाही केलं? आता निदान पेन्शन क्रेडिट तरी अर्जाशिवाय आपोआप सुरू करा, पेन्शनचा डेटा सरकारकडेच आहे की.