जिम लावून दीड महिना झाला, प्रोटीन पावडर वगैरे खरंच लागतं का?

भांडुपचा_नवखा

नमस्कार मंडळी. वय 24, उंची 5 फूट 7 इंच, वजन 61 किलो. दीड महिन्यापूर्वी घराजवळच जिम लावलं, आठवड्यातून चार दिवस जातो, अजून एकही आठवडा चुकवलेला नाही. स्क्वॉट (खांद्यावर रॉड घेऊन बैठका) रिकाम्या रॉडने सुरू केलेलं, आता 45 किलोवर पाच-पाच वेळांचे तीन सेट निघतात, बेंच (झोपून छातीवरून रॉड वर ढकलणं) मात्र 35 वर अडकलंय.

काल ट्रेनरने बाजूला बोलावून चिठ्ठी हातात दिली. व्हे प्रोटीन, बीसीएए, प्री-वर्कआउट आणि मल्टिव्हिटॅमिन, सगळं मिळून 9,800 रुपये. माझ्याकडूनच घे, बिल मिळणार नाही पण बाहेरपेक्षा स्वस्त पडेल असं म्हणाला, आणि वर हेही की हे घेतलं नाहीस तर दीड महिन्याची मेहनत पाण्यात गेली समज. पगार 22 हजार आहे हो, घरी पैसे द्यायचे, पास काढायचा, त्यात हे कुठून बसवू? रात्रभर तेच डोक्यात होतं.

माझं खाणं असं: सकाळी चहा आणि पोहे, डब्यात चार पोळ्या आणि भाजी, सुटल्यावर स्टेशनला वडापाव, मग जिम, रात्री वरण-भात आणि दोन पोळ्या. मासे किंवा चिकन आठवड्यातून दोनदा, सोमवार-गुरुवार बंद, आणि पुढे श्रावण आहे तेव्हा तर पूर्णच बंद. ज्यांनी स्वतः उचललंय त्यांनी सांगा, सुरुवातीच्या माणसाला यातलं नक्की काय लागतं?

गिरगावचा_तालीमवाला

भावा, आधी एक गोष्ट. दीड महिन्यात रिकाम्या रॉडवरून 45 वर आलास ते वडापाव आणि पोळी-भाजीवरच आलास ना? मग मेहनत पाण्यात कुठे गेली? पहिल्या दोन-तीन महिन्यांत ताकद वाढते त्यातला मोठा भाग नसांचा आणि मेंदूचा असतो, शरीर ती हालचाल शिकत असतं, असलेले स्नायू एकदम कामाला लावायला शिकत असतं. मांस चढतं ते त्यामागून, हळूहळू. त्या शिकण्याला कुठली पावडर लागत नाही.

मी 19 वर्षं व्यायामशाळेत जातोय. आमच्याकडे जुने लोक रात्री मूठभर चणे भिजत घालायचे, सकाळी दंड-बैठका झाल्या की ते चणे, गूळ आणि वर तांब्याभर दूध. मी पहिल्या वर्षी कोणाचं तरी ऐकून मास गेनरचा, म्हणजे वजन वाढवायच्या पावडरीचा, मोठा डबा आणला होता, वडिलांकडून पैसे घेऊन. मागचं लेबल मी वाचलं डबा संपल्यावर. बहुतेक सगळं माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे पटकन साखर होणारा स्टार्च. चार किलो वजन वाढलं आणि ते सगळं पोटावर दिसलं. त्या पैशाचं मला अजून वाईट वाटतं, कारण घरात तेव्हा ते सहज निघत नव्हते.

बिल नाही म्हणतोय ना तो, मग तिथेच विषय संपव. आणि एक वही कर, रोज किती किलो आणि किती रेप्स, म्हणजे एका सेटमध्ये किती वेळा उचललं, ते लिही. बेंच अडकलंय म्हणतोस तर आधी झोप किती होते ते सांग.

आहारवाली_मुलुंड

मी आहारतज्ज्ञ आहे, रोज तुझ्यासारखी दोन-तीन मुलं येतात हातात अशीच चिठ्ठी घेऊन, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तू लिहिलेल्या दिवसाचा मी हिशोब मांडला. पोहे 5 ग्रॅम प्रोटीन, डब्यातल्या चार पोळ्या 13, भाजी 3, वडापाव 7, वाटीभर वरण 6, भात 4, रात्रीच्या पोळ्या 6, चहातलं दूध 3. झाले 47. साध्या बसून काम करणाऱ्या माणसाला किलोमागे 0.83 ग्रॅम पुरतं असं आयसीएमआर (केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद) सांगते, म्हणजे तुला 50-51, तेही पूर्ण भरत नाहीये. वजन उचलणाऱ्याला मात्र किलोमागे साधारण 1.6 ग्रॅमपर्यंत फायदा दिसतो, म्हणजे तुला 97-98. तर ट्रेनर एका बाबतीत बरोबर आहे, तुला प्रोटीन कमी पडतंय, अगदी निम्म्यावर आहेस. पण कमी प्रोटीन पडतंय, पावडर नाही, हा फरक लक्षात घे.

आता ही 50 ग्रॅमची खोट घरातच कशी भरायची बघ. पोह्यांबरोबर तीन उकडलेली अंडी, 18 ग्रॅम. दिवसभरात अर्धा लिटर दूध किंवा त्याचं दही, 16. आणि सोया चंक्स 30 ग्रॅम, कोरडे मोजून, त्यातून 15. संपलं. आजच्या भावाने हे सगळं 65 रुपयांच्या आसपास बसतं. सोया गरम पाण्यात दहा मिनिटं ठेव, दोन वेळा घट्ट पिळ म्हणजे तो उग्र वास जातो, आणि आईला सांग मटकीच्या उसळीतच टाकायला, वेगळी भाजी करायची गरज नाही. सोया खाल्ल्याने पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन कमी होतं असं कोणी सांगितलं तर ऐकू नकोस, नेहमीच्या प्रमाणात तसं काही होत नाही.

चिठ्ठीतलं बाकीचं पटकन सांगते. बीसीएए म्हणजे नऊ आवश्यक अमिनो आम्लांपैकी फक्त तीन, जी अंड्यात, दुधात, डाळीत आधीच आहेत, प्रोटीन पुरेसं असेल तर वेगळी घ्यायचं काही कारण नाही. प्री-वर्कआउट म्हणजे व्यायामाआधी प्यायची पावडर, त्यात काम करणारी मुख्य गोष्ट कॅफीन, एका स्कूपमध्ये बऱ्याचदा 200 मिलिग्रॅम आणि त्याहून जास्तही, आणि तू रात्री आठला जिमला जाणार असशील तर ते पिऊन झोप जाईल, झोप गेली की बेंच अजून अडकेल. मल्टिव्हिटॅमिन डोळे मिटून घेण्यापेक्षा एकदा रक्त तपासून बी12 आणि डी बघ. आपल्याकडे कमी मांसाहार करणाऱ्यांमध्ये बी12 कमी निघणं अगदी नेहमीचं, आणि सकाळी ट्रेन, दिवसभर ऑफिस, रात्री घर, असं आयुष्य असलं की डी पण खाली असतं. कमी निघालं तर डॉक्टर सांगतील तेवढंच घे, डी शरीरात साठतं, मनाने वाढवायचं नाही.

किडनीचा त्रास किंवा डायबिटिस असेल तर मात्र प्रोटीन वाढवायच्या आधी डॉक्टरांना विचार.

वर्सोव्याची_कोळीण

मासे महाग म्हणून कमी खातोस का? अरे पापलेट-सुरमईच्या मागे कशाला लागतो, बांगडा घे. 100 ग्रॅमला 19-20 ग्रॅम प्रोटीन आणि ओमेगा-3 वरून, ज्याच्या कॅप्सूल लोक डबीने विकत घेतात. आता 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, ताजी मासळी कमी आणि भाव चढलेला, म्हणून आमच्याकडे पावसाळ्यात सुकट चालते. जवळा घे. कोरडा भाजून साफ केला, कांद्यावर परतला, कोकम टाकलं की भाकरीबरोबर पाच मिनिटांत जेवण, आणि सुका जवळा म्हणजे निम्म्याहून जास्त प्रोटीनच. मूठभर घातला तरी दहा ग्रॅमच्या वर जातोस. फक्त खारवलेला बांगडा रोज नको, मीठ फार असतं त्याला.

माझा भाऊ बोटीवर जातो, जाळं ओढून ओढून त्याची पाठ बघ कशी झालीय, पावडर बघितली पण नाही त्याने कधी.

डोंबिवली_फास्ट

सगळ्यांचं बरोबर आहे पण मी थोडं वेगळं सांगतो. मी सकाळी 7:05 ची पकडतो, घरी यायला साडेनऊ, आई-वडील गावी, रूमवर आम्ही तिघं आणि गॅस एक. अंडी उकडायची, सोया पिळायचा हे आठवड्यातले दोन दिवस जमतं, पाच दिवस नाही. मी व्हे घेतो आणि मला त्याची लाज वाटत नाही. व्हे म्हणजे काय तर पनीर करताना दूध फाटल्यावर जे पिवळसर पाणी उरतं ना त्यातलं प्रोटीन, चीझ करताना तेच निघतं, ते गाळून सुकवून पावडर करतात. औषध नाही, स्टेरॉइड तर अजिबात नाही, एक खाण्याचीच वस्तू आहे जी शेकरमधून ट्रेनमध्ये उभ्या उभ्या पिता येते. स्कूपला 24 ग्रॅम.

पण भांडुपच्या भावाला आईचा डबा मिळतोय, त्याने आधी तो डबा नीट करावा या मताचा मी पण आहे. घ्यायचंच झालं तर पक्कं बिल, डब्यावर एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षेची सरकारी संस्था) 14 आकडी लायसन्स नंबर, तो त्यांच्या साइटवर टाकून बघायचा, आणि एका स्कूपच्या किमतीची तीन अंडी आणि ग्लासभर दुधाशी तुलना करायची. दूध पचत नसेल तर कॉन्सन्ट्रेट म्हणजे साध्या व्हेने पोट फुगतं, आयसोलेट म्हणजे जास्त गाळलेल्या व्हेमध्ये लॅक्टोज (दुधातली साखर) कमी असतं पण ते महाग.

भांडुपचा_नवखा

सगळ्यांचे मनापासून आभार, ताई तुमचा हिशोब मी आईला वाचून दाखवला. झोप साडेपाच तास होते, मोबाइलमुळे, ते माझंच चुकतंय. अजून एक विचारतो, ऑफिसमधला मित्र म्हणतो की बाकी काही नको पण क्रिएटिन घे. दुसरा म्हणतो त्याने किडनी जाते आणि टक्कल पडतं. खरं काय?

घाटकोपरची_लिफ्टर

यावर मी बोलते. पूर्ण शाकाहारी घरातली आहे, पॉवरलिफ्टिंग करते, तीन वर्षं क्रिएटिन घेतेय. सप्लिमेंटच्या दुकानातल्या शंभर डब्यांमध्ये ज्याच्यावर सगळ्यात जास्त अभ्यास झालाय आणि जे खरंच चालतं असं हे एक. शरीर स्वतः रोज साधारण 1 ग्रॅम बनवतं, बाकी मांस-माशातून येतं, म्हणून आपल्यासारख्या कमी खाणाऱ्यांचा साठा कमी असतो आणि फरक जास्त जाणवतो. साधं मोनोहायड्रेट, रोज 3 ते 5 ग्रॅम, कधीही, पाण्यातून. पहिल्या आठवड्यात 20 ग्रॅम लोडिंग करा म्हणतात ते केलं नाही तरी तीन-चार आठवड्यांत साठा भरतोच. एक-दीड किलो वजन वाढतं ते स्नायूंतल्या पाण्याचं, घाबरायचं नाही. जादू मात्र नाही हं, मला पाच रेप्सच्या जागी सहा निघायला लागले, एवढाच तो फरक.

किडनीचं असं. गेल्या वर्षी ऑफिसच्या चेकअपमध्ये माझं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी नीट चालते का ते बघायचा रक्तातला आकडा, रेषेच्या जरासं वर आलं. रिपोर्टवर लाल खूण बघून आई रडायलाच लागली, दोन दिवस घरात कोणी धड जेवलं नाही. डॉक्टरांना क्रिएटिन घेते हे सांगितल्यावर त्यांनी सिस्टॅटिन सी नावाची किडनीचीच वेगळी टेस्ट करायला लावली, ती व्यवस्थित आली. क्रिएटिन शरीरात मोडून क्रिएटिनिनच होतं, त्यामुळे आकडा वाढतो, किडनी बिघडलेली नसते. पण ज्यांना आधीपासून किडनीचा आजार आहे त्यांनी हात लावू नये. टकलाचं म्हणशील तर 2009 मध्ये रग्बी खेळाडूंवर एक छोटा अभ्यास झाला, त्यात केसगळतीशी जोडला जाणारा डीएचटी हार्मोन वाढलेला दिसला, केस गळतात का हे त्यात मोजलंच नव्हतं. तिथून ती गोष्ट पसरली.

आणि पुढे स्पर्धेत उतरायचं मनात असेल तर प्री-वर्कआउटपासून लांब राहा, हे मी हात जोडून सांगते. 2010 च्या दिल्ली कॉमनवेल्थच्या तोंडावर आपले काही खेळाडू मिथाइलहेक्झानामाइनमध्ये अडकले होते, हे उत्तेजक तेव्हा अशा सप्लिमेंटमध्ये सर्रास असायचं. डब्यावर लिहिलेलं नव्हतं हे कारण चालत नाही, अंगात जे सापडेल त्याला खेळाडूच जबाबदार.

आहारवाली_मुलुंड

बरोबर लिहिलंयस. फक्त नवख्याला एवढंच सांगेन की क्रिएटिन आत्ता घाई नको, आधी दोन महिने अंडी-दूध-सोया आणि सात तास झोप, मग नक्की कशाने काय झालं ते तुलाच कळेल.

भांडुपचा_नवखा

तीन आठवडे झाले म्हणून सांगायला आलोय. ट्रेनरला नाही म्हटलं, तो चार दिवस बोलला नाही, आता बोलतो. रोज तीन अंडी, दूध, डब्यात सोया घातलेली उसळ. आईने पहिल्या दिवशी सोया न पिळताच टाकला, डबा उघडल्यावर शेजारचा उठून गेला, आता ती तीनदा पिळते. फोन रात्री स्वयंपाकघरात ठेवतो. वजन 62.2 आणि काल बेंच 40 ला चार निघाले!! बी12 कमी निघालं, डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात.

आता श्रावणात अंडी बंद, आणि सोमवारी उपास असतो आमच्याकडे, साबुदाण्याची खिचडी. त्या दिवशी कसं करू?

आहारवाली_मुलुंड

वा, 40 निघालं, छानच! अंड्यांच्या जागी 100 ग्रॅम पनीर, तेवढेच 18 ग्रॅम. उपासाच्या दिवशी साबुदाण्यावर राहू नकोस, त्यात प्रोटीन जवळपास नसतंच. वरीचा भात, दाण्याची घट्ट आमटी, वर वाटीभर दही, रात्री दूध आणि थोडं पनीर. 98 होणार नाही, 55-60 झालं तरी एका दिवसाने काही बिघडत नाही. फक्त स्क्वॉट सोमवारी ठेवू नकोस, मंगळवारी कर.