काचेतल्या माणसाला मी वाट दिली

दोरावाला:
गेल्या मंगळवारची गोष्ट. एका इमारतीच्या काचेच्या दारातून बाहेर पडत होतो. आत दिवे लागलेले, बाहेर अंधारलेलं. समोरून एक म्हातारा येत होता. खांदे पडलेले, काखेत फाईल, चेहरा असा की आत्ताच कुणीतरी त्याचं ऐकून घेतलं नाही. मी डावीकडे सरकलो. तोही त्याच बाजूला. मी उजवीकडे, तोही उजवीकडे. ‘अहो, तुम्ही आधी…’ इतकं तोंडातून निघालं आणि त्याच्या फाईलला बांधलेला लाल दोरा दिसला. सकाळी मीच बांधलेला.

दोन सेकंदांचा मामला. पण तेवढ्यात त्या माणसाबद्दल माझं मत बनून गेलं होतं: कटकट्या दिसतोय. ते मत काही केल्या पुसलं जात नाही.

वय ५६. रोज सकाळी दाढी करताना हाच चेहरा दहा मिनिटं जवळून बघतो. हनुवटीखालचा तीळ डोळे मिटून दाखवीन. मग हा ओळखू का आला नाही?

खरी भीती वेगळीच आहे. वडील शेवटच्या दीड वर्षात आरशातल्या माणसाशी भांडायचे. ‘हा रोज येऊन उभा राहतो, याला घरदार नाही का?’ शेवटी आईनं आरशावर जुनी चादर टाकली. मंगळवारी रात्री मला ती चादर आठवत राहिली. ही त्याची सुरुवात असू शकते का? आणि नसेल, तर सकाळचा मी खरा की दारातला?

जुनाचष्मा:
काका, सोबत चांगली आहे तुम्हाला. अर्न्स्ट माख, भौतिकशास्त्रज्ञ, ध्वनीच्या वेगाचे ‘माख’ आकडे ज्याच्या नावाचे. रात्रभर रेल्वेनं प्रवास करून दमलेला हा गृहस्थ घोड्यांच्या बसमध्ये चढला. समोरून दुसरा एक जण चढताना दिसला. मनात आलं, काय गबाळा मास्तर आहे! समोर मोठा आरसा होता. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड, त्यानं १९१९च्या एका निबंधाच्या तळटीपेत हा किस्सा दिलाय आणि पुढे स्वतःचाही: रेल्वेच्या डब्यात गाडीला हिसका बसला, शेजारच्या स्वच्छतागृहाचं दार उघडलं आणि झगा-टोपीतला एक वयस्कर माणूस आत आला. वाट चुकलाय बिचारा, म्हणून फ्रॉइड त्याला सांगायला उठला. दारावरचा आरसा. पुढे तो लिहितो की तो माणूस मला अजिबात आवडला नव्हता. म्हणजे ‘कटकट्या’ वाटणंही परंपरेतच बसतं.

सांजवात:
भीतीबद्दल लिहिते, कारण सासूबाईंचं मी सगळं जवळून पाहिलंय. त्या आरशातल्या मला ओळखायच्या. ‘ही बघ तू,’ म्हणायच्या. पण शेजारी उभी असलेली बाई कोण, तर ‘ती परकी, माझी साडी नेसून आलीय’. हात हलवून दाखवा, साडीचा पदर दाखवा, काही उपयोग नाही. डिमेन्शियात, म्हणजे स्मृतिभ्रंशात, काहींना हे होतं, आणि त्यात पुराव्यानं मत हलत नाही हीच खूण. तुम्ही दोरा पाहिला आणि तिथल्या तिथे मत बदललंत. तुमच्या वडिलांना दोरा दाखवला असता, तर ‘यानं माझी फाईल चोरली’ म्हणाले असते.

तरी नावं, ओळखीचे रस्ते, पैशांचा हिशेब असलं काही चुकायला लागलं असेल तर डॉक्टरांना दाखवाच. फक्त काचेच्या दारावरून स्वतःचं निदान करत बसू नका.

फोटोवाला:
बावीस वर्षं लोकांचे ओळखपत्राचे फोटो काढतोय. ‘हा मी नाही’ हे वाक्य दिवसाला तीनदा ऐकतो. अशा वेळी मी गुपचूप फोटो उलटा करतो, डावं उजवीकडे. गिऱ्हाईक खूश. सोबत आलेली बायको म्हणते, पहिलाच बरा होता. १९७७मध्ये मिता आणि सहकारी संशोधकांनी नेमकं हेच तपासलं: माणसाला स्वतःचा आरशातला चेहरा आवडतो, मित्रांना सरळ. ज्याला जे रोज दिसतं ते त्याला बरं वाटतं, एवढंच.

वर आपण आरशापुढे उभे राहतो ते तयारीनं. हनुवटी वर, भुवया जरा ताणलेल्या. २००८मध्ये एप्ली आणि व्हिटचर्च यांनी लोकांना त्यांच्याच चेहऱ्याचे थोडे देखणे आणि थोडे कुरूप केलेले नमुने दाखवून ‘यातला तुमचा कोणता’ विचारलं. लोकांचा कल देखण्याकडे. मनातली फाईल जुनी असते आणि वर थोडी सजवलेलीही.

एक करून बघा. अंघोळीनंतर आरशावर वाफ असताना, जागचं न हलता, एक डोळा मिटून, दिसतो तसा चेहऱ्याचा काठ बोटानं गिरवा. मग गिरवलेलं मोजा.

गोंधळी:
फोटोवाले, मोबाईलच्या सेल्फीत माझं नाक दिसतं ते मग कुणाचं?

फोटोवाला:
तुमचंच, पण फूटभरावरून. पाच फुटांवरून काढाल त्यापेक्षा ते साधारण ३० टक्के रुंद दिसतं. हात लांब करा किंवा दुसऱ्याला काढायला सांगा.

दोरावाला:
सगळ्यांचे आभार. सांजवात ताई, तुमचं उत्तर दोनदा वाचलं. ‘फाईल चोरली’ला हसू आलं आणि मग जरा वेळ आलं नाही. बाबा अगदी तसंच म्हणाले असते.

वाफेचा प्रयोग केला. गिरवलेला काठ माझ्या तळहाताएवढा भरला. पट्टी लावली: खऱ्या चेहऱ्याच्या बरोब्बर निम्मा. छप्पन वर्षं हे डोळ्यांसमोर होतं! मागे सरलं तरी निम्माच. मग कागदावर आकृती काढल्यावर कळलं: आरसा नेहमी डोळा आणि प्रतिबिंब यांच्या मधोमध पडतो, म्हणून. बायकोला बोलावून दाखवलं, तर ती म्हणाली, आरसा पुसून ठेवा.

आणखी एक वाचनात आलं. रुबिन आणि बर्न्टसेन यांचा २००६चा अभ्यास: चाळिशीपुढची माणसं मनानं स्वतःला सुमारे २० टक्के लहान समजतात. माझा हिशेब पंचेचाळीसच्या आसपास येतो. दाढी करताना जो दिसतो तो साधारण तेवढ्याच वयाचा आहे खरा.

शुक्रवारी मुद्दाम त्याच वेळी त्याच दाराशी गेलो. पण चार पावलं अलीकडेच खांदे आपोआप मागे गेले, पोटही आत. काचेत दाढी करतानाचाच, म्हणजे सकाळचा. तो दुसरा काही भेटला नाही. घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती चष्मा पुसत होती. मान वर न करता म्हणाली, ‘तो होय? तो रोज साडेसातला घरी येतो.’