‘पोस्सुम’ आणि ‘पोतेस्त’: एकाच क्रियापदात ‘स्स’ आणि ‘त’ का?

प्रश्न: लॅटिनमध्ये ‘मला शक्य आहे’ यासाठी ‘पोस्सुम’, पण ‘त्याला शक्य आहे’ यासाठी ‘पोतेस्त’ असे का होते?

उत्तर: ‘पोतिस’ (समर्थ) आणि ‘सुम’ (मी आहे) यांचे हे संयुक्त क्रियापद असून, ‘सुम’ची रूपे जिथे ‘स’ने सुरू होतात तिथे आधीचा ‘त’ त्या ‘स’शी एकरूप होतो आणि जिथे ती स्वराने सुरू होतात तिथे तो टिकतो. संस्कृत व्यंजनसंधी शिकलेल्यांना ही प्रक्रिया परकी वाटणार नाही.

दुसरे उत्तर: मला त्याहून मोलाचे वाटते ते हे की ‘पोतिस’ संस्कृत ‘पति’शी (स्वामी) आणि ‘एस्त’ (तो आहे) ‘अस्ति’शी सजातीय, म्हणजे एकाच मूळ शब्दापासून आलेले, आहे.

तिसरे उत्तर: भूतकाळी ‘पोतुई’ (मला शक्य झाले) मात्र ‘सुम’च्या भूतकाळी रूपापासून, ‘फुई’पासून, बनलेले नाही, ते ‘पोतेओ’ या वेगळ्या जुन्या क्रियापदाचे रूप आहे.