चौरस फुटाच्या भावात काय बसत नाही

भाऊ, बॅनर-बोर्डाच्या धंद्यात फ्लेक्स असो की एसीपी (दोन्हीकडून ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा असलेली प्लास्टिकची शीट), सगळ्या कामाला चौरस फुटाचा ठरलेला भाव लावा असं तुम्ही म्हणता, ते मला पटत नाही. साध्या बॅनरला एक वेळ चालेल. तिथंही गिऱ्हाईक साडेतीन बाय दहा मागतो, बिल ३५ चौरस फुटांचं होतं आणि ४ फुटी रोलमधून ४० चौरस फूट जातात. एसीपीत तर फारच मार बसतो. ८ बाय ४ च्या शीटमधून ७ बाय ३ चा बोर्ड काढला की ३२ पैकी २१ फुटांचेच पैसे येतात. उरलेल्या पट्ट्या क्वचितच कामी पडतात, म्हणून भाव पूर्ण शीट धरूनच सांगा.

फिटिंग वेगळं लिहा. खेड्यावर जायचं म्हणजे गाडीभाडं, दोन माणसं, शिडी. त्यात लाईन गेली की ड्रिल बंद आणि अख्खा दिवस जातो. फ्रेमच्या पाईपात मात्र कधीच काटकसर करू नका. आपल्याकडे मे-जूनच्या वावधानात हलका पाईप वाकतो, आणि बोर्ड खालून जाणाऱ्याच्या डोक्यावर पडू शकतो. भाव कमी करायचाच असेल तर अक्षरं साधी करा, लाईट कमी करा.

उधारीचं म्हणाल तर, ‘कापूस विकला का देतो’ म्हणणारा दुकानदार बहुतेक वेळा देतोच. पण नागपूरचा मालवाला तोवर थांबत नाही. निदान मालाचे पैसे तरी आधी घ्या. निवडणुकीच्या बॅनरचे पूर्ण पैसे, तेही प्रिंट काढण्याआधी.