एअर नेलरमधून एकाच जागी दोन खिळे सुटतात, उपाय काय?

रबाळ्याचा पेटीवाला:
नमस्कार. रबाळे एमआयडीसीत आमचा पाइनच्या लाकडी पेट्या आणि पॅलेट बनवण्याचा छोटा कारखाना असून तेथे हवेवर चालणारे कॉइल नेलर (गुंडाळीतले खिळे ठोकणारी यंत्रे) वापरले जातात. घाईच्या ऑर्डरीत कारागीर ट्रिगर दाबूनच ठेवतात आणि नेलरचे नाक फळीवर आपटत पुढे जातात, त्यामुळे अधूनमधून एकाच जागी दोन खिळे सुटतात. एकाने तर नाकाची सेफ्टी, म्हणजे नाक दबल्याशिवाय खिळा सुटू न देणारा भाग, तारेने बांधून ठेवली होती. ती मी सोडवली. दाब 8 बार आहे. तो कमी करून भागेल का, की यंत्रच बदलावे लागेल?

वागळे इस्टेटचा फिटर:
दाब कमी केल्याने धक्का काहीसा कमी होईल, पण मूळ कारण ट्रिगरच्या पद्धतीत आहे. ट्रिगर दाबलेला असताना नाक जितक्या वेळा दबेल तितके खिळे सुटतात. पहिल्या खिळ्याच्या धक्क्याने यंत्र उचलले जाते, हाताच्या जोराने ते पुन्हा खाली येते आणि कारागिराला कळण्याआधीच दुसरा खिळा पहिल्याच्या डोक्यावर आपटून कुठेही उडू शकतो. पूर्ण सिक्वेन्शियल ट्रिगरमध्ये आधी नाक टेकवून मग ट्रिगर दाबावा लागतो आणि दोन्ही सोडल्याखेरीज पुढचा खिळा सुटत नाही. अमेरिकेतील ओशा आणि नायोश या कामगार-सुरक्षेच्या सरकारी संस्थांनी 2011 मध्ये बांधकाम कंत्राटदारांसाठी काढलेल्या मार्गदर्शिकेत हाच प्रकार सर्वांत सुरक्षित म्हटला असून आपटून चालवायच्या ट्रिगरमध्ये इजेचा धोका दुप्पट असल्याचे नमूद केले आहे. अनेक मॉडेलना असा ट्रिगर नंतरही बसवता येतो, तेव्हा आधी विक्रेत्याकडे चौकशी करावी. दाबाची कमाल मर्यादा यंत्रावर छापलेली असते. तिच्या आत राहून, रद्दी फळीवर खिळा नीट बसेल इतकाच दाब ठेवावा.

तुर्भ्याचा सुतार:
मजुरी नगावर असेल तर तार पुन्हा बांधली जाईल, हे मालकाने आधी ध्यानात घ्यावे. पाइनमध्ये गाठी फार; गाठीवर खिळा वळून फळीच्या कडेने बाहेर येतो, म्हणून फळी धरणारा हात निदान 30 सेंटिमीटर दूर असावा किंवा फळी सरळ शिकंजात पकडावी. बाजू झाकणारा सुरक्षा चष्मा आणि कानांचे संरक्षण हवेच. नंबरचा चष्मा त्यासाठी पुरत नाही.

कंप्रेसरवाला, ठाणे:
अडकलेला खिळा काढण्यापूर्वी पाइप सोडवावा. नेलरवर आरपार उघडी पुरुष जोडणीच (पाइपच्या जोडणीत शिरणारे टोक) असावी, म्हणजे पाइप सुटताच आतली हवाही निघून जाते. आपोआप बंद होणारी जोडणी नेलरवर बसवली असेल, तर पाइप काढल्यावरही एक खिळा सुटू शकतो. कंप्रेसर बिघडला म्हणून ऑक्सिजनचा सिलिंडर जोडण्याचा विचारही करू नये, स्फोट होतो. पावसाळ्यात टाकीतले पाणी रोज काढावे.

रबाळ्याचा पेटीवाला:
सर्वांचे आभार. ट्रिगरची चौकशी उद्याच करतो आणि नगाच्या दराबद्दल कारागिरांशी बोलतो. हातात खिळा घुसलाच तर तो जागीच उपसावा का?

वागळे इस्टेटचा फिटर:
मुळीच नाही. खिळा आहे तसा ठेवून, हात हलू न देता रुग्णालयात न्यावे. खिळा हाडात किंवा सांध्यात गेला आहे का, हे एक्स-रे काढल्यावरच कळते.